फेटिया स्वागतापुरता

१ एप्रिल १९९९ रोजी कॅनडाच्या उत्तरेला नुनावुत हा इनुइट लोकांच्या बहुसंख्येचा प्रदेश अस्तित्वात आला. बरोबर महिन्याने, १ मे रोजी, परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. दोन्हींचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. पण हिंगोलीतल्या जवळा बाजारच्या बाजारात तांड्यांवरून आलेल्या बंजारा बाया पाहिल्या, की बर्फातल्या त्या इनुइट बायकांच्या शिवणकामाचा विषय औंढा नागनाथ तालुक्यात काढावासा वाटतो.

साठी ओलांडलेली एखादी याडी, म्हणजे आई, अजून पूर्ण पोशाखात दिसते. फेटिया म्हणजे घेरदार घागरा, आरसे-कवड्या जडवलेली नि पाठीवर बंदांनी बांधलेली काचळी, डोक्यावर टुकरी, कानांशेजारी केसांना अडकवलेली घुगरी-टोपली. हस्तिदंती बलियांची, म्हणजे बांगड्यांची, जागा प्लॅस्टिकने कधीच घेतली. सोबतची सून साडीत असते, नात पंजाबी ड्रेसमध्ये. यात तक्रार करण्यासारखे काही नाही. फेटिया जड, धुवायला अवघड. उसाच्या फडात पहाटे कोयता चालवणाऱ्या बाईने तो अंगावर वागवावा, असे सांगणारे पुरुष स्वतः धोतर सोडून पँटीत आलेले असतात. शिवाय पोशाखावरून ओळखून टोमणा मारणारा बाजार आणि हसणारी शाळा यांनीही आपले काम चोख केले आहे.

गंमत अशी, की अंगावरून उतरलेला हा पोशाख मंचावर मात्र चढतो आहे. गॅदरिंगला ‘बंजारा डान्स’ हवा, पुढाऱ्याच्या स्वागताला फेटियातल्या बाया हव्यात, अनुसूचित जमातीच्या मागणीचा मोर्चा निघाला की पहिल्या रांगेतही त्याच हव्यात. १९६५च्या लोकूर समितीपासून जमात ठरवण्याच्या निकषांत वेगळी संस्कृती हा एक निकष आहे. म्हणजे निवेदन द्यायचे पांढऱ्या शर्टातल्यांनी आणि पुरावा अंगावर वागवायचा बायांनी! मागणी योग्य की अयोग्य, हा वाद वेगळा. पण ज्या हातांनी हा पुरावा टाका टाका करून शिवला, त्या हातांना कुणी मजुरी विचारलेली ऐकिवात नाही.

इनुइट बायकांनी नेमका शिवणाऱ्या हातांचा हा हक्क धरून ठेवला. त्यांचा अमाउती हा अंगरखा पाहण्यासारखा असतो. पाठीवर मोठी झोळी शिवलेली, त्यात उघडे मूल आईच्या पाठीला चिकटून ऊब घेते, आणि वरचे रुंद टोपडे दोघांवर येते. पूर्वी तो कॅरिबू हरणाच्या किंवा सीलच्या कातड्याचा असे, आता गिरणीच्या कापडाचाही शिवतात. कापड बदलले याचे त्यांना दुःख नाही. बेत कुणाचा, यावर मात्र त्या अडून बसल्या. पाउक्टूटिट ही त्यांची संघटना अमाउतीच्या हक्काचा प्रश्न २००१पासून मांडत आली आहे. २०१५ मध्ये लंडनच्या केटीझेड या फॅशन कंपनीने एका इनुइट शामनच्या अंगरख्याची नक्षी न विचारता स्वेटरवर उचलली. शामनच्या घरच्यांनी आवाज उठवताच कंपनीला माफी मागून माल मागे घ्यावा लागला. २०१९ मध्ये कॅनडा गूस कंपनीने चौदा इनुइट शिवणकर्मींकडून अंगरखे करून घेतले, तेव्हा नक्षीचे हक्क शिवणाऱ्यांकडेच ठेवले. अस्सल इनुइट कलावस्तूवर लागणारा इग्लूचा छाप सरकारने १९५८ मध्ये सुरू केला होता. २०१७ मध्ये तोही इनुइट आर्ट फाउंडेशनच्या हाती आला.

एवढे लांब जायचीही गरज नाही. शेजारच्या कर्नाटकात बळ्ळारी जिल्ह्यातल्या संडूरच्या लंबाणी, म्हणजे बंजारा, भरतकामाला भौगोलिक मानांकन आहे. तिथे किलन, रेलो, तेरा डोरा अशी टाक्यांची नावे कागदावर आली. जुलै २०२३ मध्ये हंपीला जी-२०ची बैठक भरली, तेव्हा साडेचारशेहून अधिक बायांच्या हातच्या १,७५५ वस्तूंचे प्रदर्शन गिनीज बुकात गेले. विक्रमाचे कौतुक बाजूला ठेवू. मोजदाद झाली आणि ती कारागिरांच्या संस्थेमार्फत झाली, हे महत्त्वाचे. मानांकन म्हणजे काय, हे हिंगोलीला शिकवायला नको. वसमतच्या हळदीला ते २०२४ मध्ये मिळालेच आहे. शेतकऱ्यांसाठी जी खटपट झाली, ती तांड्यातल्या सुईसाठी व्हायला काय हरकत आहे?

पोहरादेवीला नंगाऱ्याच्या आकाराचे बंजारा विरासत संग्रहालय ५ ऑक्टोबर २०२४ रोजी उघडले. चांगलेच झाले. आता तिथे विक्रीचे दालन असावे, माल तांड्यांतल्या बचत गटांकडून रोख घ्यावा आणि चिठ्ठीवर शिवणारीचे नाव नि तांडा असावा. पापड-शेवयांपलीकडे बायांना काही येते, यावर बचत गटांचे काम पाहणाऱ्या उमेद अभियानाच्या अधिकाऱ्यांचाही त्यामुळे विश्वास बसेल. संग्रहालयातल्या दालनाचे काम व्हायचे तेव्हा होवो, जवळा बाजारला तोवर थांबायचे कारण नाही. पुढच्या पाहुण्याच्या स्वागताचा खर्च मांडताना मंडपवाला, बँडवाला, हारवाला यांच्याखाली आणखी एक ओळ घालावी: फेटिया-काचळी, नग इतके, दर इतका.