'पिशवीचा कॅन्सर' म्हणजे नेमका कोणता?

गेल्या हंगामात वाळवा तालुक्यात ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर गेले होते. बीडची एक बाई, वय जेमतेम तिशीचं, म्हणाली, "ताई, पिशवी काढली माझी. पांढरं जायचं. डॉक्टर म्हणले, ठेवली तर कॅन्सर व्हईल." पैसे मुकादमाच्या उचलीतून.

कॅन्सर कशाचा, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. एम.एस.डब्ल्यू. होऊन कामाला लागले तेव्हा मलाही ते धड सांगता आलं नसतं. आपल्या शिबिरांतही आपण 'पिशवीचा कॅन्सर' एवढंच म्हणतो, आणि त्या एका शब्दावर भीतीचा धंदा चालतो.

गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर बहुतेक वेळा एच.पी.व्ही. विषाणूच्या रेंगाळलेल्या संसर्गातून होतो. त्याला बरीच वर्षं लागतात, म्हणूनच तो आधी हेरता येतो. तोंडावर पातळ अॅसेटिक अॅसिड लावून मिनिटभर थांबायचं. पांढरा डाग उमटला तर पुढची तपासणी. टाटा रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांत दहावी शिकलेल्या बायकांना हे शिकवलं. दर दोन वर्षांनी तपासलेल्या बायकांत या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, असं २०१४ साली प्रसिद्ध झालं. मग कराडपासून वाळव्यापर्यंतच्या कोप्यांवर हे का होऊ नये?

अस्तराचा कॅन्सर वेगळा. तो बहुधा पाळी गेल्यावर होतो. पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर एक डाग जरी पडला तरी तपासून घ्यायचं. इथे पॅपच्या तपासणीवर विसंबता येत नाही. बीजकोषाचा आणखी निराळा. पोट फुगतं, दोन घासांत भरतं, आणि बायका गॅस म्हणून सोडून देतात. त्याच्यासाठी भरवशाची चाळणी तपासणी नाही.

नुसतं पांढरं जाणं बहुतेकदा औषधांनी बरं होतं. संबंधानंतर रक्त गेलं, घाण वासाचं रक्ताळ पाणी गेलं, तर मात्र थांबायचं नाही.

बीडमध्ये २०१९ साली शासकीय समितीसाठी झालेल्या पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांवर जणींची पिशवी काढलेली आढळली. पाळीत खाडा पडला की दंड, हेही त्यामागे होतं. सातारा-सांगलीचे कारखाने या बायकांनी तोडलेल्या उसावर चालतात. त्यांच्या तब्येतीची जबाबदारी कारखान्यांनी बीडवर ढकलू नये. आणि ऑपरेशनआधी प्रत्येकीने लेखी मागावं: कोणत्या अवयवाचा कॅन्सर, कोणत्या तपासणीवरून, आणि काय काय काढणार.

पिशवी काढून बीजकोष ठेवले, तर बीजकोषाच्या कॅन्सरचा धोका उरतोच. तेही काढले, तर तिशीतच पाळी जाऊन हाडं ठिसूळ होऊ लागतात. त्या बाईचे ठेवले की काढले, तिला ठाऊक नव्हतं. कागद तिला कधी दिलाच नव्हता.