परसातील कोंबड्या

येथे प्रतापनगरात आम्ही परसात चार कोंबड्या पाळतो. मुलांना ताजी अंडी मिळतात. खुडूक कोंबडी २१ दिवस अंडी उबविते, मग पिलांना पंखांखाली घेते. तेव्हा जेरुसलेमकरिता प्रभू येशूने योजिलेली उपमा मनास भिडते.

परंतु मानमोडी शिरली, की खुराडे बघता बघता ओस पडते. अशा वेळी आजारी कोंबडी गुपचूप विकून चार पैसे सोडविण्याचा मोह होतो. आम्हांसही झाला होता. वाचकहो, तसे करणे म्हणजे शेजाऱ्याच्या खुराड्यात रोग धाडणे होय. साथ घरे निवडीत नाही. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा परिसरातील निरोगी कोंबड्याही माराव्या लागल्या.

म्हणून पिलांच्या पहिल्या आठवड्यातच मानमोडीच्या लशीचा थेंब डोळ्यात घालावा, आजारी कोंबडी निराळी ठेवावी, मेलेली खोल पुरावी. शेजारप्रीतीची परीक्षा खुराड्यातही होते.