विटेवरचं नाव

‘चीनमध्ये एक म्हण आहे’ या वाक्याचा आम्हाला यंदा वर्षभर वैताग आला. अंकासाठी आलेल्या लेखांत ते होतं, शाळा-महाविद्यालयांतल्या भाषणांत होतं, आणि सकाळी उठल्याबरोबर फोनवर येणाऱ्या सुप्रभाताच्या फुलांखाली तर हमखास होतं. पुढचा उपदेश ठरलेला: कष्ट करा, सावध राहा, काम चोख करा. उपदेशाला आमची हरकत नाही. चोख काम करा असं जगाला सांगणाऱ्या या मंडळींना, आपण सांगतो ती म्हण खरोखर चिनी आहे का, एवढं पाहण्याची तसदी घ्यावीशी वाटत नाही, याला हरकत आहे.

भुकेल्याला मासा देण्यापेक्षा मासे पकडायला शिकवा, ही आपल्याकडची सर्वांत लाडकी ‘चिनी म्हण’. छापील स्वरूपात ती सापडते १८८५ सालच्या एका इंग्रजी कादंबरीत. लेखिका अ‍ॅन थॅकरे रिची, म्हणजे प्रसिद्ध कादंबरीकार थॅकरे यांची कन्या. एक चित्र हजार शब्दांचं काम करतं, ही दुसरी. ती रूढ केली अमेरिकेतल्या फ्रेड बर्नार्ड नावाच्या जाहिरातवाल्यानं. १९२१ मध्ये त्यानं हे वचन एका जपानी तत्त्वज्ञाच्या नावावर खपवलं आणि १९२७ मध्ये चिनी म्हणीच्या. चिनी म्हटलं की लोक मान डोलावतात, हे त्यानं ओळखलं होतं. आपल्याकडे कोणाच्याही ओळीला ‘तुका म्हणे’ चिकटवतात, त्यातलाच हा प्रकार.

बाकी वर्ष कसं गेलं ते आम्ही सांगायला नको. पावसानं पाठ सोडली नाही, सोन्यानं सामान्य माणसाशी बोलणं टाकलं, निवडणुकांनी कान किटले. या साऱ्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. आमच्या अंकाचं सूत्र यंदा ‘कारागिरी’ आहे, आणि चीनच्या नावानं इतकं ऐकून घेतल्यावर वाटलं की तिथल्या कारागिरांनी, ग्रंथकारांनी खरोखर काय केलं तेच एकदा नीट मांडावं.

विटेपासून सुरुवात करू. मिंग घराण्याचा संस्थापक झू युआनचांग यानं १३६६ मध्ये नानजिंगची तटबंदी बांधायला घेतली. काम वीस वर्षांहून अधिक चाललं. तट सुमारे ३५ किलोमीटरचा, त्यातला २५ किलोमीटरच्या आसपासचा भाग आजही उभा आहे. विटा यांगत्सेच्या खोऱ्यातल्या अनेक जिल्ह्यांतून होड्यांनी आल्या. वीट साधारण ४० सेंटिमीटर लांब, २० रुंद आणि १० जाड. तिच्या कडेला अक्षरं आहेत. जिल्हा कोणता, तालुका कोणता, देखरेखीचा अधिकारी कोण, त्याच्या हाताखालचे मुकादम कोण, भट्टी कोणी लावली आणि सर्वांत शेवटी, वीट कोणी पाडली. सहाशे वर्षांपूर्वी मातीत हात घालणाऱ्या माणसाचं नाव आज त्या तटाजवळून जाणारा कोणीही वाचू शकतो.

ही पद्धत मिंगांच्याही फार आधीची. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात छिन राज्यात कांस्याच्या शस्त्रांवर वरपासून खालपर्यंत नावं कोरत. वर मुख्य मंत्री लू बुवेई, मध्ये कारखान्याचा अधिकारी, खाली ते शस्त्र घडवणारा. १९७४ मध्ये शीआनजवळ जमिनीखाली सापडलेल्या मातीच्या सैन्यातही अनेक पुतळ्यांच्या अंगावर कारागिरांची नावं आहेत. आपल्याकडे कोनशिलेवर नाव असतं ते उद्घाटन करणाऱ्याचं. त्याखाली ‘यांच्या शुभहस्ते’, बाजूला ‘यांच्या प्रमुख उपस्थितीत’. मालवणजवळ राजकोट किल्ल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये उभारलेला शिवरायांचा पुतळा ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला, तेव्हा चूक नेमकी कोणाची यावर वाद सुरू झाले. नानजिंगच्या तटाशी हा वाद फार लांबला नसता. वीट उलटून पाहिली की झालं.

पण एवढ्यावर भारावून जाण्याचं कारण नाही. विटेवरचं नाव गौरवासाठी नव्हतं, वीट कच्ची निघाली तर धरून कोणाला आणायचं हे कळावं म्हणून होतं. धाकानं आलेला चोखपणा कुठवर जातो तेही चीननंच दाखवलं. अठराव्या शतकात छियानलोंग बादशहानं राज्यातले ग्रंथ गोळा करवून साडेतीन हजारांच्या आसपास ग्रंथांचा एक प्रचंड संग्रह तयार करवला आणि त्याच्या सात प्रती हातानं उतरवून घेतल्या. नकलेत चूक सापडली की दंड. लू फेइची नावाच्या मुख्य तपासनीसाला दुरुस्तीचा इतका भुर्दंड पडला की तो पुरता धुतला गेला, आणि त्याच्या मृत्यूनंतर मालमत्ताही जप्त झाली. याच मोहिमेत बादशहाला न रुचलेले ग्रंथ हुडकून काढून नष्टही करण्यात आले. एकेक अक्षर तपासायचं आणि नको ते पुस्तक भट्टीत घालायचं, ही दोन्ही कामं एकाच कचेरीत, तेवढ्याच काटेकोरपणे चालली.

नुसत्या कष्टांची गतही काही वेगळी नाही. १९५८ मध्ये माओच्या ‘मोठ्या झेपे’त चिनी माणसानं उपसले तेवढे कष्ट क्वचितच कोणी उपसले असतील. लोक रात्ररात्र परसातल्या भट्ट्यांपाशी उभे राहिले, घरातली भांडीकुंडी वितळवली, आणि हाती आलं ते बव्हंशी निरुपयोगी लोखंड. शेतीत एकरी पिकाचे अशक्य आकडे खालून वर गेले. वर कोणी ते तपासले नाहीत, तपासावेत असं म्हणण्याची सोयही उरली नव्हती. त्या आकड्यांच्या हिशेबानं गावांतून धान्य उचललं गेलं आणि पुढच्या दुष्काळात कोट्यवधी माणसं मेली. तेव्हा चिनी रक्तातच शिस्त आहे वगैरे आम्हाला कोणी ऐकवू नये. रक्तात काही नसतं. तपासायची रीत कोणीतरी घालून द्यावी लागते, पाळावी लागते, आणि सोडली की ती सुटते.

अशी रीत घालून देणाऱ्यांत आमच्या मते पहिला मान सीमा ग्वांग याचा. अकराव्या शतकातला हा सोंग काळातला मुत्सद्दी राजकारणातून बाजूला पडला आणि इतिहास लिहीत बसला. इसवी सनापूर्वी ४०३ पासून इसवी सन ९५९ पर्यंतच्या १३६२ वर्षांचा हा इतिहास २९४ भागांत आहे. सीमा ग्वांग १९ वर्षं त्यावर होता आणि १०८४ मध्ये त्यानं तो बादशहाला सादर केला. प्रेरणादायी भाषणांत त्याची एकच गोष्ट सांगतात. उशाला तो गोल ओंडका घेई म्हणे, झोपेत कूस बदलली की ओंडका गडगडायचा आणि जाग यायची. गोष्ट गोड आहे. मात्र इतिहासासोबत त्यानं आणखी ३० भाग लिहिले, त्यांच्याबद्दल अवाक्षर नसतं. एकाच घटनेबद्दल दोन साधनं दोन गोष्टी सांगतात तिथं कोणाचं मानलं, कोणाचं सोडलं आणि कशावरून, याचा त्या भागांत हिशेब आहे. सहकाऱ्यांना त्याची ताकीद होती की आधी सगळं टिपून घ्या, जास्त झालं तरी चालेल, सुटता कामा नये. कापाकापी तो स्वतः करी. हा इतिहासकार आपल्या शंका झाकून ठेवत नाही, वाचकापुढे मांडतो. पुण्यात भांडारकर संस्थेनं १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा पानापानाखाली पाठभेद दिले ते याच वृत्तीनं. जागरणाला कोणीही तयार होतो. शंकांचा हिशेब लिहायला बसणारे थोडे.

ह्युएन त्संग तर आपल्या ओळखीचा. सातव्या शतकात तो महाराष्ट्रात येऊन गेला, इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत असं लिहून गेला, आणि पाठ्यपुस्तकांमुळे आपण त्याला तेवढ्यापुरतं ओळखतो. परतीच्या वाटेवर सिंधू नदी ओलांडताना त्याच्या काही पोथ्या वाहून गेल्या. मायदेशी पोचल्यावर त्यानं भारतातल्या एका भिक्षूला पत्र धाडलं आणि सोबत हरवलेल्या पोथ्यांची यादी दिली. ६४५ मध्ये परतल्यापासून ६६४ मध्ये मरेपर्यंत तो भाषांतर करत राहिला. शेवटच्या वर्षांत महाप्रज्ञापारमितेचं अवाढव्य काम हाती होतं, दोन लाख श्लोकांएवढं. त्यात पुनरुक्ती फार, म्हणून काटछाट करू या असं शिष्य म्हणाले. त्याच्या चरित्रात आहे की तो कबूल झाला आणि त्याच रात्री त्याला भयंकर स्वप्नं पडली. मग काही गाळायचं नाही असं ठरलं. ग्रंथाच्या तीन प्रती त्यानं भारतातून नेल्या होत्या. शंका आली की तिन्ही पुढ्यात घेऊन ताडून पाहायच्या आणि मगच लेखणी उचलायची. भाषांतर ६०० भागांत पुरं झालं.

अशा कामाचं एक टोक पुन्हा आपल्याकडे आलं आहे. फर्ग्युसन महाविद्यालयातले पालीचे अभ्यासक पु. वि. बापट यांनी चिनी भाषेत टिकून राहिलेला ‘विमुत्तिमग्ग’ आणि बुद्धघोषाचा पाली ‘विसुद्धिमग्ग’ शेजारीशेजारी ठेवून तपासले आणि तो अभ्यास १९३७ मध्ये पुण्यातून प्रसिद्ध केला. एक पाली ग्रंथ नीट समजावा म्हणून या गृहस्थांनी चिनी ग्रंथाला हात घातला. आज त्यांचं नाव किती मराठी वाचकांना ठाऊक आहे? मासे पकडायची म्हण मात्र सर्वांना पाठ.

सतराव्या शतकातल्या गू यानवू याचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण आमचं यंदाचं दुखणं त्यानं आधीच सांगून ठेवलंय. हा पंडित घोड्या-खेचरांवर पुस्तकं लादून उत्तर चीनभर हिंडला. घाटाघाटांत म्हाताऱ्या शिपायांना गाठून तो तिथला भूगोल विचारी, आणि आपण ऐकलं-वाचलं त्याहून वेगळं काही निघालं तर मुक्कामी पोचून पुस्तकं उघडून पडताळा घेई. त्याच्या टिपणांचं पुस्तक कुठवर आलं असं एकानं विचारलं, तेव्हा वर्षभरात जेमतेम दहाबारा नोंदी झाल्या, असं त्यानं कळवलं. पूर्वीचे लोक डोंगर खणून तांबं काढत, आताचे जुनी नाणी वितळवून नवी पाडतात, ही त्याची तक्रार होती. यंदा आमच्याकडे यंत्राकडून लिहून घेतलेले बरेच लेख आले. भाषा तुकतुकीत, परिच्छेद आखल्यासारखे, आणि चिनी म्हणी चारचार. यंत्र वापरलं म्हणून आम्ही रागावलो नाही. खाली नाव घालणाऱ्यानं आपल्या नावाचा लेख एकदा वाचून तरी पाहावा, इतकी माफक अपेक्षा होती.

आता कोणी म्हणेल, इतकं तपासत बसलं तर काम कधी व्हायचं? कन्फ्यूशियसला हा प्रश्न पडला होता. लू राज्यातला एक मंत्री कुठलीही गोष्ट तीनदा विचार करून मगच करतो अशी त्याची ख्याती होती. कन्फ्यूशियसच्या कानावर ती गेली तेव्हा दोनदा केला तरी पुरे, असं तो म्हणाला. सावधगिरीच्या नावाखाली फायली दाबून ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. आणि धाक कोणाचा बाळगावा, याचं उत्तर ओउयांग श्यू याच्याकडे आहे. अकराव्या शतकातला हा मोठा लेखक उतारवयात आपलं जुनं लिखाण पुन्हा पुन्हा दुरुस्त करत बसे. बायको म्हणाली, या वयात मास्तर रागावतील अशी भीती वाटते की काय? मास्तरांची नाही, पुढे येणारी मुलं हसतील याची वाटते, असं तो म्हणाला, अशी आठवण सांगतात.

बादशहाच्या धाकापेक्षा ही लाज आम्हाला जवळची वाटते, आणि अंक काढणाऱ्याला तिच्याशिवाय दुसरा आधारही नाही. या अंकात प्रत्येक लेखाखाली लेखकाबरोबर तो तपासणाऱ्याचं आणि मुद्रितं वाचणाऱ्याचं नाव दिलं आहे. साल, आकडा, अवतरण, कुठंही शंका आली तर पान क्रमांक घालून आम्हाला लिहा. ‘अंक नेहमीप्रमाणे दर्जेदार’ अशी पत्रं दरवर्षी येतात, ती यंदा नाही आली तरी चालेल. तुमची दुरुस्ती पटली तर पुढच्या अंकात तुमच्या नावानिशी छापू, पटली नाही तर का पटली नाही तेही छापू.