गंज आपला, रिकॉल कंपनीचा



पावसाळा सरला की गाद्या, रजया, धान्याचे डबे उन्हात निघतात. कड्या-कोयंड्यांना तेलाचा हात फिरतो. पण दारात उभ्या असलेल्या जुन्या मोठ्या गाडीच्या पोटाखाली कुणी वाकून बघत नाही. ते यजमानांचं, नाहीतर गॅरेजवाल्या मेस्त्रींचं काम असं आपण धरून चालतो. खरं तर मुलांना आणि सासू-सासऱ्यांना घेऊन कुंभोजला, नाहीतर कोकणात जाताना त्या गाडीत आपणही बसतो. म्हणून आज हा विषय इथे घेतला आहे.

माझं म्हणणं आधीच सांगते. दहा-बारा वर्षं झालेल्या एसयूव्हीवर दोन वेगवेगळी देणी असतात. गंजाचं देणं मालकाचं. आणि बनवतानाच राहिलेला दोष कंपनीने परत बोलावून दुरुस्त करून द्यायचा, म्हणजे रिकॉल, हे देणं कंपनीचं. पण "गाडी जुनी झाली" एवढं म्हटलं की दोन्ही एकाच गाठोड्यात बांधली जातात आणि मग कुणीच काही फेडत नाही. ही गाठ सोडवायला हवी.

आधी आपल्या बाजूचं बघू. गंज कसा धरतो हे आपल्याला शिकवायला नको. लोखंडी तवा ओला ठेवला की सकाळी लाल होतो, तेल पुसून ठेवला की होत नाही. लोखंडाला पाणी आणि हवा एकत्र मिळाली की गंज सुरू होतो, आणि त्यात मीठ असलं तर तो झपाट्याने वाढतो. म्हणून एकाच वर्षी घेतलेली मालवणची गाडी आणि सोलापूरची गाडी खालून सारखी नसते. आमच्या कोल्हापूर-सांगलीला समुद्र नाही, पण २०१९ चा आणि २०२१ चा महापूर आम्ही पाहिला आहे. पुरात उभी राहिलेली गाडी धुऊन-पुसून चालू होते. पण दारांखालच्या पोकळ पट्टीत आणि चासीच्या बंद भागात शिरलेला गाळ तसाच राहतो. पाणी निघून जावं म्हणून तिथे बारीक भोकं ठेवलेली असतात, ती गाळाने बुजतात. मग पत्रा आतून सडत येतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे रंगाला फुगा येतो. तो फुगा आपल्याला दिसेपर्यंत आतलं बरंचसं नुकसान होऊन गेलेलं असतं.

सगळा गंज सारखा नसतो. दाराच्या कडेला किंवा बॉनेटच्या टोकाला आलेला डाग दिसायला वाईट, पण जिवावरचा नाही. काळजी करायची ती खालच्या भागाची. सस्पेन्शन जिथे बॉडीला किंवा चासीला जोडलेलं असतं ती जागा, ब्रेकच्या लोखंडी नळ्या, आणि सीट व सीटबेल्ट जिथे बोल्टने बसवलेले असतात तो पत्रा. गाडी लिफ्टवर घेतल्यावर मेस्त्रींना स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तिथे ठोकून बघायला सांगा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो. सडलेला बद्द वाजतो आणि त्याचे पापुद्रे पडतात.

यात सर्वांत फसवं काम म्हणजे गंजावरच मारलेलं काळं कोटिंग. स्वच्छ, कोरड्या पत्र्यावर ते उपयोगी असतं. पण गंज न खरवडता वरून मारलं, तर ओल आत कोंडली जाते आणि गंज झाकणाखाली वाढत राहतो. पुट्टी भरून रंग मारण्याचंही तसंच. भार घेणाऱ्या जागी सडलेला पत्रा चांगल्या पत्र्यापर्यंत कापून काढायचा, नवा तुकडा वेल्डिंगने बसवायचा, त्यावर प्रायमर आणि मग कोटिंग. पोकळ भागात आतून मेण किंवा तेलाचा फवारा. हा खर्च विम्यात बसत नाही, कारण वापराने होणारी झीज गाडीच्या पॉलिसीत धरलेली नसते. तो आपणच करायचा.

आता कंपनीची बाजू. रिकॉल म्हणजे नव्या गाड्यांची भानगड अशी बऱ्याच जणींची समजूत असते. पण काही दोष असे असतात की ते गाडी जुनी झाल्यावरच बाहेर येतात. टाकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण तुम्ही ऐकलं असेल. एअरबॅग फुगवणाऱ्या डबीत अमोनियम नायट्रेट भरलेलं होतं. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवा लागून ते खराब होत गेलं, आणि अपघाताच्या वेळी डबीच फुटून धातूचे तुकडे माणसांच्या अंगात घुसले. जगभरात कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या, भारतातल्याही त्यात होत्या. नीट बघा, इथे गाडीचं वय वाढेल तसा धोका वाढत होता. आणि उष्ण-दमट हवेत तो सर्वांत जास्त होता, म्हणजे आपल्या किनारपट्टीसारख्या हवेत.

गंजाचंही असंच एक उदाहरण आहे. अमेरिकेत थंडीत रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात. तिथे २०२३ मध्ये होंडाने २००७ ते २०११ या वर्षांच्या सुमारे ५ लाख ६४ हजार सीआर-व्ही परत बोलावल्या. मिठाचं पाणी मागच्या फ्रेममध्ये साठून ती गंजत होती आणि मागच्या चाकाचा आर्म सुटण्याची भीती होती. त्या गाड्या तेव्हा १२ ते १६ वर्षांच्या होत्या. तरी तपासणी कंपनीची, आधाराची पट्टी बसवणं कंपनीचं, आणि फारच सडलेली असेल तर गाडी विकत घ्यायची तयारीही कंपनीची. म्हणजे गंजसुद्धा प्रत्येक वेळी मालकाचाच दोष असतो असं नाही. पाणी साठेल अशीच रचना केली असेल, तर ते देणं बनवणाऱ्याचं.

आपल्याकडे काय आहे? २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात सुधारणा होऊन रिकॉलचं कलम आलं. १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले. ठरावीक संख्येने तक्रारी आल्या तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं, दंड १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत. चांगली गोष्ट आहे. पण ही सक्ती सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरतीच आहे. त्यापुढे कंपनीने स्वतःहून केलं तर केलं.

ही सात वर्षांची रेघ मला पटत नाही. महाराष्ट्रात खाजगी गाडीचा रोड टॅक्स एकरकमी भरून घेतात. नोंदणी १५ वर्षांची मिळते. १५ वर्षांनंतर तपासणी करून ती पुढे पाच वर्षं वाढवूनही मिळते, आणि २०२२ च्या एप्रिलपासून चारचाकीच्या त्या कामाचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं. म्हणजे गाडी पंधरा वर्षं रस्त्यावर चालणार हे सरकारला मान्य आहे. मग तिच्यातल्या मूळच्या दोषाची जबाबदारी सातव्या वर्षी कशी संपते? अमेरिकेच्या कायद्यात पहिल्या खरेदीपासून १५ वर्षांपर्यंत रिकॉलची दुरुस्ती मोफत देणं बंधनकारक आहे. निदान नोंदणीइतकी मुदत आपल्याकडेही असावी.

यावर कुणी म्हणेल, मालकाने गाडी नीट ठेवायची नाही आणि कंपनीने जन्मभर पुरायचं का? सुटे भाग किती वर्षं बनवत राहायचे? हा प्रश्न रास्त आहे. निष्काळजीपणाने सडवलेल्या गाडीचा भार कंपनीवर टाकावा असं मी म्हणत नाही. पण दोष मुळातला की वापरातला हे तपासून ठरवता येतं. गाडीचं वय बघून ते ठरत नाही.

दुसरी अडचण कायद्यात नाही, कागदपत्रांत आहे. रिकॉलचा निरोप जातो पहिल्या मालकाच्या पत्त्यावर आणि मोबाइलवर. जुनी गाडी दोन-तीन हातांतून गेलेली असते. आमची सात आसनांची डिझेल गाडी पहिली नऊ वर्षं रत्नागिरीला नणंदबाईंकडे होती, मग आमच्याकडे आली. निरोप आला असेल तो त्यांच्या बंद झालेल्या नंबरवर. आम्ही चासी नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून पाहिला तेव्हा कळलं, की मागच्या ॲक्सलजवळच्या एका जोडणीची रिकॉल दुरुस्ती तीन वर्षं राहून गेली आहे. त्या काळात गाडी दोन वेळा कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरला जाऊन आली होती. एकदाही कुणी बोललं नव्हतं.

सर्व्हिस सेंटरचं पहिलं उत्तर होतं, "मॅडम, गाडी फार जुनी आहे, आता ते होत नाही." आम्ही म्हटलं, हेच जॉब कार्डवर लिहून द्या. तेव्हा भाग मागवला गेला. मग दुसरं उत्तर आलं, की जोडणीजवळचा पत्रा गंजला आहे आणि बोल्ट बसून गेले आहेत, आधी गंजाचं काम करून आणा. इथे आम्ही वाद घातला नाही, वाटणी केली. पत्रा आपला होता, रत्नागिरीच्या खाऱ्या हवेने खाल्लेला. तो आमच्या मेस्त्रींकडून कापून बदलून घेतला, १८ हजार रुपये लागले. बोल्ट कापून नवे टाकणं हा रिकॉलच्याच कामाचा भाग होता, तो कंपनीने मोफत करावा हे आम्ही लेखी मागितलं आणि दोन महिन्यांनी तसं झालं. आपला वाटा आपण मोकळेपणाने उचलला की दुसऱ्याचा वाटा ठामपणे मागता येतो.

हा अनुभव बघून मला वाटतं, गाडी नावावर करण्याच्या २९ आणि ३० नंबरच्या अर्जांबरोबर रिकॉल बाकी आहे की नाही याचा कागद जोडणं सक्तीचं करावं. पीयूसी आणि विमा बघतात, तसंच हेही बघावं. चासी नंबर कंपनीकडे आहे आणि आरटीओकडेही आहे. दोन याद्या एकमेकींशी जुळवायच्या, एवढंच काम.

विकण्याबद्दलही बोलायला हवं. या वर्षी आम्ही ती गाडी काढली. नात्यातल्या एका भाऊजींनी सल्ला दिला, "वहिनी, खालून झकास काळं कोटिंग मारा, वेल्डिंग दिसणार नाही, भाव चांगला येईल." त्यांचा हेतू वाईट नव्हता, बाजारात असंच चालतं. पण हलका माल चांगला म्हणून खपवणं, म्हणजे प्रतिरूपक व्यवहार, हा आपल्याकडे अचौर्य अणुव्रताचा अतिचार सांगितला आहे. तो फक्त तुपात आणि केशरातच होतो असं थोडंच आहे? आम्ही घेणाऱ्यांना वेल्डिंगचे फोटो, मेस्त्रींचं बिल आणि रिकॉलचं जॉब कार्ड दाखवलं. ३५ हजार रुपये कमी मिळाले. त्या गाडीत आता दुसऱ्या कुणाची तरी मुलं मागच्या सीटवर बसतात, त्यामुळे ते पैसे गेले असं मला वाटत नाही.

तुम्हाला जमेल ते सांगते. आरसी बुकावरचा सतरा अक्षरी चासी नंबर कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉलच्या रकान्यात टाका, किंवा सर्व्हिस सेंटरला तो नंबर देऊन उत्तर लेखी मागा. गाडी दुसऱ्या हाताची असेल तर कंपनीच्या नोंदीत तुमचं नाव आणि मोबाइल नंबर घालून घ्या. टाळाटाळ झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. पावसाळा संपल्यावर वर्षातून एकदा गाडी लिफ्टवर घेऊन खालून धुवून घ्या, पाण्याची भोकं मोकळी करा, फोटो काढून ठेवा. समुद्रावरून आलात तर दोन-तीन दिवसांत गोड्या पाण्याने खालून धुवा. आणि हे सगळे कागद एका फाइलमध्ये ठेवा. घरातल्या विम्याच्या, गॅसच्या आणि लाइटबिलाच्या फाइली आपणच ठेवतो, त्यात ही एक वाढली.

आपल्या धर्मात जयणा म्हणतात ती फक्त पाणी गाळण्यापुरती आणि चुलीपुरती नाही. दोष माहीत असताना गाडी तशीच रस्त्यावर काढणं हा प्रमादच आहे, आणि त्यात आपल्याबरोबर समोरून येणाऱ्याचाही जीव असतो. दसऱ्याला गाडीला हार घालण्याआधी एकदा तिच्या खाली वाकून बघा.