निकालानंतरचा सिनेमा कुठे आहे?

'ट्वेल्थ फेल' आम्ही चौघींनी बंगळुरूच्या पीजीत एकीच्या लॅपटॉपवर पाहिला. मनोजचा निकाल लागतो तेव्हा चौघीही रडत होतो. मी तर हुंदके देऊन. लाइट लावल्यावर एक मैत्रीण डोळे पुसत म्हणाली, "बघ, इतकी गरिबी, पण कुणाकडे कोटा मागितला नाही."

ती वाईट मुलगी नाही. मला ताप आला होता तेव्हा रात्रभर उशाशी बसली होती. ती उत्तरेकडची, माझ्या आडनावावरून तिला काही कळत नाही. मी "हो ना" म्हणाले आणि दात घासायला गेले.

त्या "हो ना"ची मला अजून लाज वाटते. तेव्हा जे बोलायचं राहिलं ते इथे लिहिते आहे. मी समीक्षक नाही. कॅमेरा, संकलन यातलं मला काही कळत नाही. पण आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. त्यामुळे शाळा, कॉलेज, परीक्षा असं काही पडद्यावर असलं की मी अधाशासारखी बघते. इतकं बघून माझं एक मत झालंय. आपल्याकडचे शिक्षणावरचे बहुतेक सिनेमे निकालाच्या दिवशी संपतात. आणि आपली खरी गोष्ट त्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते.

आधी 'ट्वेल्थ फेल'बद्दलच बोलू. 2023 चा हा सिनेमा मला आवडला, हे आधी कबूल करते. पिठाच्या गिरणीत राबून अभ्यास करणारा मुलगा खोटा नाही. त्याची भूक खोटी नाही. त्याचं श्रेय मला काढून घ्यायचं नाही. पण मनोज शर्माला दिल्लीत खोली शोधताना आडनाव सांगायची भीती वाटत नाही. त्याच्याकडे पैसे नाहीत, एवढीच त्याची अडचण. आपल्यापैकी अनेकांना पैसे असूनही खोली मिळालेली नाही. गरिबी आणि जात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिनेमावाले एक दाखवतात आणि प्रेक्षक समजतो की दोन्ही दाखवल्या. मग माझ्या मैत्रिणीसारखं कुणीतरी तो सिनेमा हातात घेऊन आपल्यालाच विचारतं, "त्याला जमलं, तुम्हाला का नाही?"

'सुपर 30'चंही तेच. हृतिक रोशनचा आनंद कुमार गरीब पोरांना आयआयटीच्या परीक्षेला बसवतो, शेवटी तीसच्या तीस पास होतात आणि आपण टाळ्या वाजवतो. मीही वाजवल्या. पण घरी येताना मनात आलं, ही तीस पोरं आयआयटीच्या हॉस्टेलवर पोचल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांना "तुझा रँक किती?" असं कुणी विचारलं असेल का? हा प्रश्न साधा नसतो. त्यातून काय काढून घ्यायचं असतं, हे विचारणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असतं. त्या आठवड्यावर सिनेमा का निघत नाही?

2011 मध्ये 'आरक्षण' आला तेव्हा मी शाळेत होते. नाव ऐकून वाटलं, हा आपला सिनेमा. सैफ अली खान त्यात दलित प्राध्यापक आहे, म्हणजे निकालानंतरचा माणूस. पण मध्यंतरानंतर सगळा भार अमिताभ बच्चनच्या प्रिन्सिपल साहेबांच्या खांद्यावर जातो. आरक्षणाचं बोलणं मागे पडतं आणि गोष्ट खासगी क्लासविरुद्ध मोफत क्लास अशी होऊन बसते. पाटी आपल्या नावाची, आत घर दुसऱ्याचं.

मग निकालानंतरची माणसं कुठेच नाहीत का? आहेत, पण शोधावी लागतात.

'सैराट' आठवा. 2016 साली आपण सगळे 'झिंगाट'वर नाचलो, शेवटच्या दृश्यानंतर थिएटरात गप्प बसून राहिलो. आर्ची आणि परश्यावर किती लिहून आलं. मला मात्र लोखंडे सर विसरता येत नाहीत. नवीन प्राध्यापक, मराठीची कविता शिकवणारे. प्रिन्स फोनवर बोलत वर्गात येतो, सर त्याला हटकतात आणि भर वर्गात त्यांच्या कानाखाली बसते. सर कोणत्या समाजाचे, हे शोधत मी बसले नाही. मला ते ओळखीचे वाटले, एवढंच. घासून अभ्यास केला, नेट-सेट काढली, नोकरी लागली, कडक इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या दिवशी वर्गात उभं राहिलं आणि गावच्या पाटलाच्या पोरानं दोन सेकंदांत दाखवून दिलं की ही पदवी गावच्या वेशीच्या आत चालत नाही. थिएटरात त्या थपडेवर काही जण हसले होते. नागराज मंजुळेंनी ते दृश्य फार लांबवलं नाही. मला वाटतं, लोखंडे सरांचा एक वेगळा सिनेमा व्हायला हवा.

दुसरी माझी आवडती म्हणजे 'गीली पुच्ची'तली भारती मंडल. 2021 च्या 'अजीब दास्तान्स'मधली ही नीरज घेवानची गोष्ट. भारती कारखान्यात मशिनवर काम करते. डेटा ऑपरेटरच्या जागेसाठी लागणारं शिक्षण तिच्याकडे आहे, पण ती खुर्ची नव्या आलेल्या प्रिया शर्माला मिळते. भारती प्रियाला स्वतःचं आडनाव बॅनर्जी सांगते. तिथं मी पॉज केलं आणि थोडा वेळ छताकडे बघत बसले. आपल्यातल्या किती जणांनी कधी ना कधी अर्धंच नाव सांगितलंय? नुसतं पहिलं नाव, किंवा आडनावाऐवजी वडिलांचं नाव? पुढे प्रियाच्या घरी भारतीला चहा येतो तो वेगळ्या, स्टीलच्या भांड्यात. शेवटी भारती ती खुर्ची मिळवतेच, आणि ज्या वाटेनं मिळवते ती काही फार स्वच्छ नाही. म्हणूनच ती मला आवडली. पडद्यावरच्या दलित माणसाला बहुतेक वेळा मरावं लागतं, नाहीतर संत व्हावं लागतं. भारती हुशार आहे, चिडलेली आहे, डाव टाकते आणि जिंकते.

टीव्हीचं काय? माझी आई सात ते दहा मालिका बघते. सुटीत घरी गेले की मीही शेजारी बसते. मोठं घर, देव्हारा, सणाला नऊवारी, दर दोन आठवड्यांनी एक पूजा. एकदा ती मटार सोलता सोलता म्हणाली, "ह्यांच्या घरी बुद्धपौर्णिमा कवा येतच न्हाई का गं?" मी हसले, पण प्रश्न सोपा नव्हता. 2019 मध्ये स्टार प्रवाहवर बाबासाहेबांवरची मालिका सुरू झाली तेव्हा आमच्या गल्लीत त्या वेळेला रस्त्यावर माणूस दिसायचं नाही. ती मालिका हवीच होती. पण माझं स्पष्ट मत सांगते. टीव्हीला आपल्याकडचा एकच माणूस चालतो, तो म्हणजे महामानव. पंचायत समितीतला क्लार्क, सरकारी दवाखान्यातली सिस्टर, तासिका तत्त्वावर राबणारा प्राध्यापक, ईएमआय भरणारी मी, असली साधी माणसं आपल्या भिंतीवरच्या फोटोंसकट मालिकेत येत नाहीत. बाबासाहेबांनी ज्यांच्यासाठी शाळेचं दार उघडलं, ती माणसं आत गेल्यावर त्यांचं काय झालं, हे कुणाला दाखवायचं नाही. 'न्यूटन'मध्ये राजकुमार रावच्या घरात बाबासाहेबांची तसबीर आहे, कुणी त्यावर भाषण देत नाही, आणि हा सरकारी नोकर छत्तीसगडच्या जंगलात नियमाप्रमाणे मतदान घ्यायला हटून बसतो. तेवढंसुद्धा मला पुरलं होतं.

आता ज्या सिनेमासाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येते. मारी सेल्वराजचा 'परियेरुम पेरुमाळ', 2018 चा तमिळ सिनेमा. तिरुनेलवेलीच्या लॉ कॉलेजात एका मुलाला प्रवेश मिळतो, तिथून पुढची गोष्ट. तू कोण होणार, असं विचारल्यावर तो डॉक्टर म्हणतो. लॉ कॉलेजात डॉक्टर कसा होणार, तर डॉक्टर आंबेडकर. वर्गातलं इंग्रजी त्याला कळत नाही. सोबतची एक मुलगी त्याला शिकवते आणि त्या मैत्रीची किंमत तो अंगावर मोजतो.

हा सिनेमा मी अप्पांबरोबर बघितला. अप्पा परभणीत गवंडीकाम करतात. सबटायटल इंग्रजीत, म्हणून मी प्रत्येक वाक्य मराठीत सांगत होते. कॉलेज वडिलांना घेऊन ये म्हणतं तेव्हा तो मुलगा आधी भलत्याच माणसाला वडील म्हणून उभं करतो. कारण त्याचे खरे वडील बाईच्या वेषात नाचणारे लोककलावंत आहेत. पुढे खरे वडील येतात आणि कॉलेजातली पोरं त्यांचे कपडे फेडून त्यांना रस्त्यावरून पळवतात. तिथं मी भाषांतर थांबवलं. सांगण्यासारखं काही नव्हतंच.

अप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू बी मला कवा कॉलेजात बोलावलं न्हाईस."

खरं होतं. चार वर्षांत दोनदा पालकसभा झाली. दोन्ही वेळा मी घरी कळवलंच नाही. सोबतच्या मुलींना अप्पा काँट्रॅक्टर आहेत असं सांगितलं होतं. मी म्हणाले, "मला भीती वाटायची अप्पा." त्यांनी विचारलं, "माझी का त्यांची?" मला उत्तर देता आलं नाही. ते म्हणाले, "लाव पुढं."

शेवटी पडद्यावर चहाचे दोन ग्लास राहतात, एक काळ्या चहाचा, एक दुधाचा, मध्ये एक फूल. अप्पांनी तो फोटो मला त्यांच्या मोबाइलवर काढून द्यायला सांगितला.

2025 मध्ये याच सिनेमाचा हिंदी अवतार 'धडक 2' आला. आधीच्या 'धडक'नं 'सैराट'मधली जात धुऊन काढली होती, त्या मानानं हे पाऊल पुढचं. पण बघायचाच तर आधी तमिळ बघा. आणि जमलं तर आईवडिलांबरोबर बघा.

सिनेमावाल्यांकडे माझं मागणं मोठं नाही. आम्हाला पास करून टाळ्या घेऊ नका. पास तर आम्ही झालोय. हॉस्टेलचा पहिला आठवडा दाखवा, स्टाफरूममधला चहा दाखवा, घर बघायला गेल्यावर मालकानं विचारलेलं "पूर्ण नाव?" दाखवा. आणि ते लिहायला, शूट करायला आमच्यातली पोरं घ्या.

माझ्याकडूनही एक गोष्ट झाली. परवा त्याच मैत्रिणीला मी 'गीली पुच्ची' लावून दिली. संपल्यावर तिनं विचारलं, "असं अजून होतं?" या वेळी मी दात घासायला गेले नाही. माझं पूर्ण नाव सांगितलं आणि त्या रात्री आम्ही अडीच वाजेपर्यंत बोलत बसलो. तिला सगळं पटलं असं नाही.

जयभीम.