उटणे, ब्रश आणि भट्टीवरचा कामगार

अंघोळीपूर्वी कोरड्या, राठ ब्रशाने अंग घासण्याची 'ड्राय ब्रशिंग' नावाची टूम आता आपल्याकडेही आली आहे. त्वचा उजळते, रक्ताभिसरण सुधारते, शरीरातील 'विषद्रव्ये' निघून जातात, अशी तिची जाहिरात होते. परदेशातून आलेल्या या नवलाईचे कौतुक करणाऱ्यांना घरच्या ठेव्याचे विस्मरण झालेले दिसते. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात उद्वर्तन, उत्सादन व उद्घर्षण या अंग चोळण्याच्या पद्धती नावानिशी आल्या आहेत. वाग्भटाने अष्टांगहृदयात उद्वर्तनाला दिनचर्येतच स्थान दिले. दिवाळीचे उटणे, न्हाणीतील वज्री, घोसाळ्याची वाळलेली जाळी ही त्याच परंपरेची घरगुती रूपे होत.

मात्र अभिमानाच्या भरात विवेक सुटता कामा नये. घर्षणाने मृत पेशी निघतात, त्वचेवर काही काळ लाली येते, इतके खरे. शरीरातील निरुपयोगी द्रव्ये बाहेर टाकण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. ते ब्रशाने साधते याला पुरावा नाही. इसब, घामोळे वा जखम असलेल्या त्वचेवर तर ब्रश अपायच करील. न सिद्ध झालेला दावा पूर्वजांच्या नावावर खपविणे हा त्या ग्रंथांचाच अवमान ठरेल.

आणि त्वचेची खरी चिंता कोणाची करायची? जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडाचे भंगार वितळवून सळया तयार होतात. लोह वितळते ते १५३८ अंश सेल्सिअसला! त्या भट्टीसमोर उभ्या असलेल्या कामगाराच्या अंगावर घाम, काजळी आणि धातूची धूळ यांचे थर साचतात. अशा अंगावर कोरडे घर्षण म्हणजे कणांनी त्वचा खरवडून घेणेच. त्याला हवे आहे ते भरपूर पाणी, साबण आणि पाळी संपल्यावर निवांत अंघोळ करता येईल अशी जागा. तशीच धूळ अंगावर घेऊन तो घरी गेला, तर ती लेकराबाळांपर्यंत पोहोचते.

ही मागणी दयेची नव्हे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ४२व्या कलमाने धुण्याची पुरेशी सोय कारखानदारावर बंधनकारक केली होती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आहे. जालना हा पाणीटंचाईचा मुलूख. २०१२-१३ चा दुष्काळ कोण विसरेल? पण टंचाईची झळ प्रथम कामगाराच्या बादलीलाच का बसावी? कारखान्यातील वापरलेल्या पाण्याचे शुद्धीकरण, पावसाच्या पाण्याची साठवण हे मार्ग मोकळे आहेत.

आपल्या परंपरेने स्नानाला नित्यकर्म मानले, चैन नव्हे. उटण्याचा वारसा सांगणाऱ्या समाजाने, पोलाद घडविणाऱ्या हातांना दोन बादल्या स्वच्छ पाणी मिळते की नाही, एवढे तरी पाहावे. वारशाचा अभिमान मिरवायचा, तर त्याची कसोटी न्हाणीघराच्या दाराशीच लागते.