कोकणकड्यावर विचारायचंय, ताई!

'मागणी घालणे' हा आपल्या भाषेतला शब्दप्रयोग एकदा नीट ऐकून पाहा. मागणी मुलीला घातली जात नाही, मुलीच्या बापाला घातली जाते. होकार तिच्या घरचे देतात, सुपारी दोन्हीकडचे पुरुष फोडतात. जिचे सारे आयुष्य त्यावर ठरायचे तिच्या वाट्याला पोह्यांच्या बश्या आणि फार तर गॅलरीतली दहा मिनिटे येतात. म्हणून हल्लीचा एखादा मुलगा 'मी तिला विचारणार आहे' म्हणतो तेव्हा मला तरी बरे वाटते. प्रश्न निदान योग्य पत्त्यावर चालला आहे.

हे आधीच सांगते, कारण आमच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा निम्म्या मैत्रिणींनी नाके मुरडली. अंगठी काय, गुडघ्यावर बसणे काय, सगळा सिनेमा आणि चंगळवाद! असेल. पण रखमाबाईंची आठवण ठेवणाऱ्या आपण बायका. अकराव्या वर्षी लावून दिलेले लग्न त्यांनी मानले नाही, १८८४ साली नवऱ्याने दावा लावला आणि १८८७ मध्ये कोर्टाने नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा म्हणून फर्मावले, तेव्हा त्या तुरुंगाला तयार झाल्या. 'मला कोणी विचारले होते?' हाच तर त्या भांडणाचा गाभा होता. तेव्हा विचारण्याची टिंगल आपण तरी करू नये. कुठे, कसे आणि कोणाच्या सोयीने विचारायचे, यावर मात्र बोलायला हवे.

आमच्या युवक गटातला एक मुलगा पावसाळ्याच्या तोंडावर माझ्याकडे आला. दुचाकी दुरुस्तीच्या दुकानात काम करतो, घर दहा बाय बाराचे, त्यात सहा माणसे. मुलगी शेजारच्या वस्तीतली, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. दोन वर्षांची ओळख, जात वेगळी. म्हणाला, "ताई, कोकणकड्यावर विचारायचंय. तिला काही माहीत नाही. सरप्राईज!" बेत सगळा पाठ होता. पहाटे मोटारसायकलवरून दोघांनीच निघायचे, खिरेश्वरहून टोलार खिंडीच्या लांबच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढायचा, सूर्यास्ताला कड्यावर अंगठी काढायची, रात्र तंबूत. तिने घरी 'मैत्रिणींबरोबर ट्रेक' म्हणून सांगायचे.

कोकणकडा पाहिलेल्यांना त्याची ओढ समजेल. कडा आत वाटीसारखा कोरलेला, लोक पोटावर पालथे पडून खालचे कोकण बघतात, वारा खालून वर येतो. नशीब असेल तर ढगांत गोल इंद्रवज्र दिसते. ज्याला घरात दोन वाक्ये एकांतात बोलता येत नाहीत त्याला ही जागा आठवली तर नवल नाही. शहरात तरी जोडप्यांनी बसायचे कुठे? बागेत शिट्टी, टेकडीवर संस्कृतिरक्षक. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईच्या मढ-अक्सा भागात पोलिसांनी हॉटेलांच्या बंद खोल्यांतून चाळीसच्या आसपास जोडपी उचलली. सज्ञान माणसे, पैसे भरून घेतलेल्या खोल्या, आणि आरोप काय, तर सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन! एकांत ही आपल्याकडे पैसेवाल्यांची चीज आहे. बाकीच्यांनी डोंगर चढावा.

मी त्याला एकच विचारले, "ती नाही म्हणाली तर?"

"नाही म्हणणार नाही, ताई."

"समज म्हणाली. मग पुढचा तास कसा जाईल ते सांग."

तो गप्प झाला. मग आम्ही दोघांनी मिळून तो तास मांडला. सूर्य बुडालेला, उतरायची वाट काही तासांची आणि पावसात शेवाळलेली. मोबाईलला रेंज असेलच असे नाही. गाडी त्याची, तंबू त्याचा, टॉर्च त्याच्या पिशवीत. ती कुठे आहे हे घरात कोणाला माहीत नाही, आणि खोटे सांगून आल्यामुळे ती फोन करून मदतही मागू शकत नाही. अशा जागी मुलीने 'हो' म्हटले तर त्या 'हो'ची किंमत काय? मुलगा सज्जन आहे, मी त्याला चार वर्षे ओळखते. पण तिच्या मनात त्या क्षणी काय काय येईल हे त्याच्या सज्जनपणावर ठरत नाही.

आपल्या पिढीच्या बायकांना हे समजावून सांगायला नको. मार्च १९९० मध्ये उल्हासनगरला रिंकू पाटीलला दहावीच्या परीक्षेच्या वर्गात जाळले, तेव्हापासून 'एकतर्फी प्रेम' हा शब्द वर्तमानपत्रांनी रूढ केला. जणू प्रेमाचाच तो एक प्रकार. जून २०२३ मध्ये राजगडाच्या पायथ्याशी एका तरुणीचा मृतदेह सापडला. लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन वनाधिकारी म्हणून तिची निवड झाली होती. ज्या मित्राबरोबर ती गडावर गेली होती त्यालाच अटक झाली, आणि लग्नाला नकार हे कारण पोलिसांनी सांगितले. त्यानंतर कितीतरी आयांनी मुलींचे ट्रेक बंद केले. हाही अन्यायच. नकार पचवायला मुलगे शिकले नाहीत म्हणून गड मुलींनी सोडायचे!

त्याउलट भर गर्दीत विचारण्याचा प्रकार. स्टेडियममध्ये, कॉलेजच्या स्नेहसंमेलनात, भोवती पन्नास मोबाईल उभे आणि सगळे ओरडताहेत, 'हो म्हण, हो म्हण'. तिथे तिला पळून जाता येते, पण नाही म्हणता येत नाही. एका टोकाला निर्जन कडा, दुसऱ्या टोकाला जमाव. माझ्या मते चांगली जागा ती, जिथे माणसे दिसतात पण त्यांना ऐकू जात नाही. पाचनईच्या बाजूने चढले तर वाट सोपी आहे, सुट्टीच्या दिवशी माणसांची ये-जा असते आणि मंदिराच्या आसपास गावातली मंडळी पिठलं-भाकरी करून देतात. तिथल्या चुलीपाशी बसलेली एखादी मावशी शंभर गोष्टी न विचारता ओळखते. दिवसाउजेडी जा, उजेडातच उतरा, बरोबर चार मित्रमैत्रिणी असू देत, त्यांना खुशाल शंभर पावले मागे थांबवा. तिचे भाडे तिच्याजवळ असावे. फोटो काढायला झुडपात कोणी लपवून बसवू नका. तिच्या चेहऱ्यावर जे उमटेल ते आधी तिचे आहे.

आणि कड्याच्या काठावर तर नकोच. हे कुठल्या वादाचे म्हणून नव्हे, पाय घसरतो म्हणून सांगते.

पण सगळ्यात महत्त्वाचे, सरप्राईज जागेचे असावे, प्रश्नाचे नसावे. नोकरी करू द्याल का, राहायचे कुठे, माझ्या आईची जबाबदारी कोणाची, मूल कधी, हे सगळे आधी कुठल्याही बाकावर बसून बोलून झालेले असावे. त्या मुलाने हे ऐकले. पुढच्याच रविवारी आमच्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर त्याने तिला विचारले, अंगठीशिवाय. ती म्हणाली, "परीक्षा होऊ दे, नोकरी लागू दे, मग सांगते. आणि तोवर रोज विचारायचं नाही." तो आठवडाभर पडेल चेहऱ्याने फिरला. फिरू दे. सात महिन्यांनी नोकरीचा पहिला पगार झाल्यावर तिनेच त्याला विचारले, तेही चहाच्या टपरीवर. हरिश्चंद्रगडावर नंतर गेले, आठ जण मिळून, पाचनईने.

आता त्यांच्यापुढे खरा डोंगर आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात फलकावर लागते. दोघांनी इतक्या आडोशाने, विचाराने ठरवलेली गोष्ट नावगावासकट भिंतीवर चढते आणि जातीतले उपद्व्यापी कार्यकर्ते ती वाचायला टपलेले असतात. दोन सज्ञान माणसांच्या लग्नाला कुटुंबाची, समाजाची किंवा जातीची संमती लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने शक्ती वाहिनी खटल्यात २०१८ मध्ये स्पष्ट सांगितले. मग ही नोटीस नेमकी कोणाच्या माहितीसाठी? या तीस दिवसांत मुलीला गावी नेऊन डांबल्याची प्रकरणे आमच्या केंद्रात येतात. आम्ही आता नोटिशीच्या दिवसापासूनच मुलीच्या राहण्याची सोय, पोलिसांना लेखी अर्ज आणि दोन साक्षीदारांचे फोन तयार ठेवतो.

आपल्या युवक शिबिरांत लिंगभावाचे तक्ते आपण खूप काढतो. एखादे सत्र 'नाही ऐकल्यानंतरचा तास' यावरही घ्यावे, मुलांचे वेगळे आणि मग दोघांचे एकत्र. आम्ही दोन ठिकाणी घेतले. मुलगे पहिली वीस मिनिटे फक्त हसतात, मग एकजण बोलू लागतो. तुमच्या भागात कोणी असे काही केले असेल किंवा नोटिशीच्या तीस दिवसांत तुम्ही काय व्यवस्था करता, ते पुढच्या अंकासाठी जरूर लिहून पाठवा.